धिंगाणा नेमका कोण घालतं?

शनिवारी संध्याकाळी फोनवर पाठोपाठ दोन नोटिफिकेशन येऊ शकतात. पहिलं मित्रांच्या ग्रुपवरचं: 'आज रात्री फुल धिंगाणा, कुणीही टांग मारायची नाही.' दुसरं बातम्यांच्या ॲपचं: 'मद्यधुंद तरुणांचा भररस्त्यात धिंगाणा.' पहिलं वाचून आपण कपाटातला त्यातल्या त्यात बरा शर्ट शोधायला लागतो. दुसरं वाचून 'काय ही आजकालची पोरं' असं मनात म्हणतो आणि अंगठ्याने वर सरकवून टाकतो. पोरं कदाचित त्याच वयाची असतात, शब्दही तोच असतो.

एका शब्दाचे दोन अर्थ असणं मराठीला नवं नाही. पण इथे अर्थ दोन आहेत असं मला वाटत नाही. दोन्हीकडे माणसं जमलीत, आवाज वाढलाय, अंगं मोकळी सुटलीत. बदलतो तो फक्त बोलणारा. 'आपण धिंगाणा घालू' हे आमंत्रण आहे आणि 'त्यांनी धिंगाणा घातला' हा निकाल आहे. शब्दकोशात हा फरक सापडणार नाही, कारण तो शब्दाच्या अर्थात नसून सर्वनामात आहे. आणि आजच्या मराठीत हे सर्वनाम कुणाच्या हातात असतं, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

घालणे

आधी क्रियापद बघू. आपण पार्टी देतो, नाच करतो, गाणं म्हणतो, सण साजरा करतो. धिंगाणा मात्र घालतो. 'धिंगाणा साजरा केला' असं कुणी म्हणत नाही. गोंधळ, धुमाकूळ, धुडगूस, हैदोस, वाद, शिव्या ही सगळी मंडळी घालण्याच्याच घरातली. यादी वाचली की वाटतं, मराठीने सगळी नको ती कामं या क्रियापदाकडे सोपवली आहेत.

पण तसं नाही. रांगोळीही घालतात. मंगळागौरीला बायका पिंगा घालतात, फुगडी घालतात. जेवायला घालतात, झाडाला पाणी घालतात, पाहुण्यांसाठी सतरंजी घालतात. म्हणजे या क्रियापदात वाईट काही नाही. त्यात आहे ती जागा. रांगोळी अंगणाची जागा घेते, सतरंजी खोलीची घेते, पिंगा माजघराची घेतो. धिंगाणाही जागा घेतो. फरक एवढाच, की तो भिंतीपाशी थांबत नाही. आवाजाला उंबरठा कळत नाही. शेजारच्या घरात जो माणूस डोळे मिटून पडलाय, त्याच्या खोलीतही आपला धिंगाणा न विचारता जाऊन बसतो.

म्हणून या शब्दाला कायम दोन मालक असतात. एक घालणारा, दुसरा ऐकणारा. घालणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर ती मजा, ऐकणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर तो उपद्रव. बरीच वर्षं हा शब्द ऐकणाऱ्याच्याच ताब्यात होता. दुपारी झोपमोड झालेली आजी, वर्गाबाहेरून आलेले सर, सोसायटीचे सेक्रेटरी यांच्या तोंडी तो शोभायचा. 'काय धिंगाणा चाललाय रे?' या प्रश्नाला उत्तर अपेक्षित नसायचं, शांतता अपेक्षित असायची.

शेजारच्या घरात लढाई

शब्द आला कुठून? उच्चारला की कानाला ढोलच ऐकू येतो. धिंग, धांगड, धिन. 'धांगडधिंगा' म्हटल्यावर तर ताशाही वाजतो. त्यामुळे हा वाद्याच्या आवाजावरून बनलेला शब्द असेल असं सहज वाटतं. पण त्याचे नातलग गाठले तर ते वेगळी गोष्ट सांगतात.

हिंदीत 'धींगा' म्हणजे धट्टाकट्टा, दांडगट माणूस. 'धींगामुश्ती' म्हणजे अशा दांडगटांची झोंबाझोंबी, बळजबरी. गुजरातीत 'धींगुं' म्हणजे भरभक्कम, मजबूत. चांगल्या कसदार जमिनीलाही तिथे धींगी म्हणतात. आणि आपल्या 'धिंगाणा'चा सख्खा भाऊ गुजरातीत आहे: 'धींगाणुं'. त्याचा अर्थ ऐकून मराठी माणूस दचकेल. धींगाणुं म्हणजे लढाई. चकमक. जिच्यात माणसं मरतात ती.

झवेरचंद मेघाणींनी काठियावाडात फिरून गोळा केलेल्या लोककथा 'सौराष्ट्रनी रसधार' या नावाने १९२३ ते १९२७ या काळात पाच भागांत छापून आल्या. त्या जगात धींगाणुं वारंवार होतं. लुटारू गावाची गुरं वळवून नेतात, गावातली माणसं तलवारी घेऊन मागे धावतात, वेशीबाहेर गाठ पडते. जे परत येत नाहीत त्यांच्या नावाने गावकरी दगड उभा करतात. त्याला तिकडे पाळियो म्हणतात. त्यावर घोडेस्वार कोरलेला असतो आणि वर सूर्य-चंद्र. सौराष्ट्रातल्या कितीतरी गावांच्या वेशीवर असे शेंदूर माखलेले पाळिये आजही उभे आहेत. आपल्याकडचे वीरगळ ज्यांनी बघितलेत त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

म्हणजे दोन शेजारच्या भाषा, शब्द जवळजवळ एकच. तिथे तो दगडावर गेला, इथे तो गादीवर उड्या मारणाऱ्या पोरांवर आला आणि आता पार्टीवर. मूळ गाभा मात्र दोन्हीकडे एकच राहिला: अंगातली ताकद, जी आवरून धरलेली नाही.

मारामारीचे शब्द मजेला लावणं ही काही धिंगाण्याचीच खोड नाही. 'जंगी पार्टी' म्हणताना आपल्याला आठवतही नाही की फारसीत जंग म्हणजे युद्ध. मनोरंजनाच्या बातम्यांत 'बर्थडे बॅश' असतो. इंग्रजीत बॅश म्हणजे आधी ठोसा, पार्टी नंतर. आणि 'राडा' बघा. चिखलाचा राडा, तुटक्या विटा-मातीचा राडारोडा, असा हा मुळात घाणीचा शब्द. पुण्यात महापालिका आजही 'राडारोडा' उचलते किंवा उचलत नाही म्हणून बातम्या येतात. मुंबईच्या रस्त्यावर राडा म्हणजे हाणामारी झाली. आणि आता वरातीत कुणी जीव तोडून नाचला की त्याचे मित्र म्हणतात, 'भावाने राडा केला!' चिखल, मग मारामारी, मग नाच. प्रत्येक पायरीवर शब्द तोच राहिला, त्याला नाकं मुरडणारे बदलले.

उलटा प्रवास

इथे थांबून उलट दिशेने आलेले शब्दही बघायला हवेत. धिंगाणा आणि राडा यांना बढती मिळाली. काही शब्दांची मात्र बदनामी झाली, आणि त्यांची गोष्ट जास्त बोलकी आहे.

'गोंधळ' हा मुळात विधी. घरात लग्न झालं की कुलदैवतेच्या नावाने गोंधळ घालायचा. गोंधळी येतात, दिवटी पेटते, संबळ आणि तुणतुणं वाजतं, तुळजापूरच्या भवानीपासून माहूरच्या रेणुकेपर्यंत देवदेवतांना नाव घेऊन बोलावलं जातं, मग रात्रभर आख्यान चालतं. कुणी कुठे उभं राहायचं, काय कधी वाजायचं, कुणाला आधी बोलवायचं याची ठरलेली शिस्त असते. अशा शिस्तबद्ध गोष्टीचं नाव मराठीने बेशिस्तीला दिलं. आज परीक्षा विभागात गोंधळ असतो, विधानसभेत गोंधळ असतो, डोक्यात गोंधळ असतो. भटक्या जमातींपैकी एका जमातीची कला, तिचं पोट आणि तिचा देव ज्या शब्दात आहेत, तो शब्द आपण निकाल लांबला की विद्यापीठाच्या तोंडावर फेकतो.

'तमाशा'चंही तेच. अरबीत चालण्याच्या धातूपासून निघालेला, फारसीतून आलेला हा शब्द. फिरून मौज बघणं, मग बघण्याजोगं काही, असा त्याचा अर्थ पसरत गेला. महाराष्ट्रात तो एका अख्ख्या नाट्यप्रकाराचं नाव झाला. गण, गवळण, बतावणी, वग अशी त्याची बांधणी, आणि ती पिढ्यान्पिढ्या पेलली ती प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या कलावंतांनी. पण घरात कुणी मोठ्याने भांडलं की आपण म्हणतो, 'तमाशा करू नकोस.' फाल्गुनातला शिमगा कोकणात पालख्या नाचवण्याचा सण आहे. बोलण्यात मात्र 'शिमगा करणं' म्हणजे तोंड सोडून बोंबाबोंब.

कीर्तन असंच मोठ्याने, टाळ-मृदंगात, रात्री उशिरापर्यंत चालतं. त्याचं नाव कल्लोळाला पडलं नाही. नाट्यसंगीताची मैफल पहाटेपर्यंत रंगली तर तिला 'मैफल'च म्हणतात. आवाज सगळ्यांचाच होता. कुणाच्या आवाजाचं नाव शिवी झालं आणि कुणाच्या आवाजाचं नाव संस्कृती, हे आवाजाच्या पट्टीवर ठरलं नाही. ते कान कुणाचे होते आणि लिहिण्याची सोय कुणाकडे होती, यावर ठरलं.

याचं सगळ्यात लख्ख उदाहरण एका इंग्रजी शब्दकोशाच्या नावावरच आहे. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली इंग्रजांच्या हिंदुस्थानी बोलीचा मोठा कोश काढला आणि त्याला नाव दिलं 'हॉब्सन-जॉब्सन'. हा त्या काळच्या गोऱ्या सैनिकांचा शब्द. अर्थ: नेटिव्ह लोकांचा गाजावाजाचा उत्सव, एकूणात तमाशा. मूळ काय? मोहरमच्या मिरवणुकीत छाती पिटत दिलेली 'या हसन, या हुसेन' ही हाक. प्रेषितांच्या नातवांसाठी चाललेला शोक बाजूला उभ्या असलेल्या शिपायाच्या कानात शिरला आणि जत्रेचं नाव होऊन बाहेर पडला. दु:ख करणाऱ्याला कुणी विचारलं नाही. ऐकणाऱ्याने नाव ठेवलं, आणि तेच कोशात गेलं.

धुऊन-पुसून विकलेला धिंगाणा

या पार्श्वभूमीवर आपल्या पिढीने जे केलं ते मला महत्त्वाचं वाटतं. ओरडा खायचा शब्द आपण स्वत:च्या तोंडात घेतला. 'काय धिंगाणा चाललाय' या प्रश्नाला 'हो, धिंगाणाच चाललाय, ये' असं उत्तर दिलं. तृतीय पुरुषातला शब्द प्रथम पुरुषात आणला. ठेवलेलं नाव नाकारण्याऐवजी ते मिरवायचं, हा जगभरातल्या दबलेल्यांचा जुना मार्ग आहे. आपल्याकडे त्याला चळवळीचं वजन नव्हतं हे खरं, पण खोडसाळपणा तोच होता.

मात्र असा शब्द फार काळ मोकळा राहत नाही. बाजाराचं लक्ष जातंच. २००७ साली स्नेहल आणि स्वप्नील शिंदे या भावांनी भारतीय गाणी ऐकवणारी एक वेबसाइट काढली आणि तिचं नाव ठेवलं 'धिंगाणा'. पुढे तिचं ॲप आलं, आणि २०१४ मध्ये 'आर्डिओ' या अमेरिकी कंपनीने ती विकत घेतली. २०१७ च्या 'रईस' या हिंदी सिनेमात 'धिंगाणा' नावाचं गाणं आहे. गंमत अशी, की हा सिनेमा गुजरातमधल्या चोरट्या दारूच्या धंद्यावरचा. म्हणजे जिथे या शब्दाचा अर्थ लढाई होता, तिथेच तो नाचत परत गेला. २०२२ मध्ये स्टार प्रवाहवर 'आता होऊ दे धिंगाणा' सुरू झालं. सिद्धार्थ जाधव सूत्रसंचालक, मालिकांमधली कुटुंबं पाहुणी, गाणी, खेळ, हशा.

त्या कार्यक्रमाच्या नावातलं 'होऊ दे' मला जास्त रोचक वाटतं. धिंगाणा घालायला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून तर तो धिंगाणा. इथे मात्र आधी परवानगी आहे. स्टुडिओ आहे, कॅमेरे आहेत, ठरलेली वेळ आहे आणि मध्ये जाहिराती आहेत. घरच्या सोफ्यावर बसून तीन पिढ्यांनी एकत्र बघावा असा धिंगाणा. याला वाईट म्हणायचं कारण नाही. शनिवार-रविवारी थकलेल्या माणसांना हसायला मिळतंय. पण शब्दाचं काय झालं ते बघायला हवं. त्यातली भीती काढून घेतली, शेजारी काढून घेतला, ताकद काढून घेतली. उरली ती निव्वळ मजा, ज्यावर कुणाचाच आक्षेप नाही. ज्यावर कुणाचाच आक्षेप नाही त्याला जुन्या मराठीत धिंगाणा म्हणत नसत.

बातमीतला धिंगाणा

ही धुलाई एकीकडे. दुसरीकडे बातम्यांच्या मथळ्यांत शब्द जसाच्या तसा जुन्या जागी आहे, उलट आणखी धारदार झालाय. आणि माझी खरी तक्रार तिथे आहे.

मथळ्यात 'धिंगाणा' वाचला की आत काय असेल ते सांगता येत नाही. कधी चार मुलं रस्त्यावर केक कापून गाणी लावत असतात. कधी कुणीतरी हॉटेलातल्या वेटरला मारलेलं असतं. कधी दारू पिऊन घरी आलेल्या नवऱ्याने बायकोला बदडलेलं असतं आणि शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलेलं असतं. या तीन गोष्टींत काय साम्य आहे? पहिल्यात झोपमोड आहे, दुसऱ्यात हल्ला आहे, तिसऱ्यात घरगुती हिंसा आहे. एकाच शब्दात तिन्ही कोंबल्या की दोन अन्याय एकदम होतात. केक कापणारी मुलं गुंड ठरतात, आणि बायकोला मारणारा नुसता 'धिंगाणा घालणारा' ठरतो, म्हणजे थोडासा वात्रट, थोडासा विनोदी.

त्यातही 'तरुणीचा धिंगाणा' हा एक वेगळाच प्रकार आहे. रात्री रस्त्यावर एखादी मुलगी चढ्या आवाजात कुणाशी भांडत असते, कुणीतरी मोबाइलवर चित्रण करतं, आणि सकाळपर्यंत तिचा चेहरा लाखो फोनांवर पोचलेला असतो. ती का ओरडत होती? तिला कुणी छेडलं होतं का? ती एकटी होती का, आजारी होती का? बातमीत बहुतेक वेळा हे नसतं. 'धिंगाणा' म्हटलं की विचारायची गरजच उरत नाही. पुरुषाच्या धिंगाण्याची बातमी होते तेव्हा किमान काहीतरी तुटलेलं-फुटलेलं असावं लागतं. बाईच्या धिंगाण्याला नुसता आवाज पुरतो. मंगळागौरीच्या रात्री बंद घरात तिने पिंगा घातला तर परंपरा, आणि रात्री अकराला रस्त्यावर आवाज चढवला तर धिंगाणा. पुन्हा तेच: जागा कुणी, किती आणि कुठे घ्यायची.

कायदा मोजतो

इथपर्यंत वाचून असं वाटेल की ऐकणाऱ्याची बाजू मला मान्यच नाही. तसं नाही. रात्रपाळी करून आलेली नर्स, दहावीचा मुलगा, हृदयाचं दुखणं असलेला म्हातारा, तान्हं बाळ, यांच्या छातीवर डीजेचे हादरे बसतात ते काही सांस्कृतिक गैरसमजुतीमुळे नव्हे. आपला आनंद त्यांच्या खोलीत न विचारता शिरतो तेव्हा त्यांना राग येण्याचा हक्क आहे.

या बाबतीत कायदा भाषेपेक्षा शहाणा आहे असं म्हणावं लागेल. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत 'धिंगाणा' नाही, 'मैफल' नाही, 'तमाशा' नाही. तिथे डेसिबल आहेत. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. कोण वाजवतंय हे नियम विचारत नाही, किती आणि कधी एवढंच विचारतो. अर्थात त्यातही एक दार किलकिलं आहे: सांस्कृतिक आणि धार्मिक प्रसंगांसाठी वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देता येते. ते पंधरा दिवस कुठले, कुणाच्या सणाचे, कुणाच्या जयंतीचे, हे ठरवताना मोजपट्टी बाजूला राहते आणि पुन्हा कान पुढे येतात. पण निदान मोजपट्टी आहे. आपल्या मथळ्यांपाशी तीही नाही.

मग शब्दाचं करायचं काय? टाकून द्यायचा? मुळीच नाही. लढाईपासून नाचापर्यंत आलेला, ओरडा खाऊन मोठा झालेला इतका जिवंत शब्द मराठीत दुसरा सहज सापडणार नाही. माझं म्हणणं साधं आहे. तो प्रथम पुरुषात वापरू. 'आम्ही काल धिंगाणा घातला' या वाक्यात मजाही आहे आणि थोडी कबुलीही आहे की शेजाऱ्यांना त्रास झाला असणार. ती कबुली राहू द्यावी. तिच्यामुळे बारा वाजता आवाज कमी करायचं सुचतं.

तृतीय पुरुषात मात्र तो लिहिण्याआधी, किंवा कुणाचा व्हिडिओ त्या नावाने पुढे ढकलण्याआधी, एकदा तो शब्द काढून वाक्य पुन्हा लिहून बघायचं. कुणी मारलं असेल तर 'मारलं' लिहायचं. शिवीगाळ केली असेल तर तसं. मोठ्याने गाणी लावली असतील तर किती वाजता, ते. आणि यातलं काहीच झालं नसेल, नुसती काही माणसं आपल्याला आवडत नाही अशा पद्धतीने आनंदात किंवा रागात असतील, तर मग ती बातमी नव्हतीच.